१९५५ ची मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल, पुराच्या पाण्यात बुडालेली. तळ पूर्ण गंजलाय, सुरुवात कुठून करू?

अकोट्याची, बडोदे

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे १९५५ ची मॉरिस मायनर आहे. सिरीज टू, ८०३ सीसीचं इंजिन, दोन दारं, कापडी हूड, पुढची काच दोन तुकड्यांची. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात होते. सत्तरच्या दशकात त्यांनी बडोद्यातल्याच एका गृहस्थांकडून ती जुनी घेतली आणि तिची सगळी कामं घरी स्वतः केली. गणपती आणायला हीच गाडी जायची. हूड खाली, मागच्या सीटवर आईच्या मांडीत मूर्ती, आणि दांडिया बाजारापासून घरापर्यंत बाबा दुसऱ्या गिअरच्या वर जात नसत. गल्लीतली पोरं बाजूने चालत यायची. त्यात मीही असायचे, कारण गाडीत बसण्यापेक्षा गाडीबरोबर चालण्यात जास्त मान होता.

बाबा गेल्यावर ती अकोट्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली होती. थोडाफार गंज तेव्हाही होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा शेडमध्ये सीट बुडेपर्यंत पाणी होतं, आणि ते लगेच उतरलंही नाही. नंतर घर सावरायचं होतं, आईचं आजारपण होतं. आता कुठे गाडीचं काम हाती घेता येतंय.

स्थिती अशी आहे. दारांच्या आतल्या कापडावर चिखलाची आडवी रेघ स्पष्ट दिसते. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पापडासारखा तुटून हातात आला, खाली शेडची फरशी दिसते. दोन्ही दारांखालच्या सिल्समध्ये, म्हणजे तळाच्या कडेच्या पोकळ पट्ट्यांमध्ये, स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो, आणि बाहेर काढला की मागोमाग बारीक, काळसर, अजून ओलसर माती गळते. पुराला इतके महिने होऊन गेले तरी ओली! उजवं दार आता वरच्या मागच्या कोपऱ्यात घासतं, पूर्वी असं नव्हतं. बॉनेट, मडगार्ड, डिकीचं झाकण मात्र बरं आहे, वरवर गंज आहे फक्त.

एका गॅरेजवाल्यांना घरी बोलावून दाखवली. ते म्हणाले, खालून नवीन पत्रा मारू, सिल्सवर पट्टी वेल्ड करू, लांबी (पुट्टी) भरू, रंग काढू, दिवाळीच्या आत गाडी दारात. बॉनेटच्या मधोमध जी सपाट रुंद पट्टी आहे ती त्यांच्या मते कधीतरी अपघातानंतर घातलेला जोड आहे, तीही घासून 'प्लेन' करून देतो म्हणाले. मला यातलं काहीच पटलं नाही, पण का पटलं नाही हे त्यांना सांगता येईना.

तर विचारायचं आहे ते हे: ही गाडी खरोखर वाचण्यासारखी आहे का? असेल तर पहिलं काम कोणतं? आणि इंजिन फिरवून बघायला भाऊ उतावीळ झालाय, बघू द्यावं का?

मायनरवाला, पुणे

ताई, सगळ्यात आधी भावाला थांबवा. बॅटरी लावायची नाही, सेल्फ मारायचा नाही. इंजिनाचं खाली सांगतो.

बॉनेटला कोणालाही हात लावू देऊ नका. ती पट्टी कंपनीचीच आहे आणि तिच्यामागे मोठी गोष्ट आहे. अ‍ॅलेक इसिगोनिसने ही गाडी आखली तेव्हा ती अरुंद होती. उत्पादनाची तयारी बरीच पुढे गेलेली असताना त्याला प्रमाण पटेना, म्हणून त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे थोडे थोडे लांब सरकवून बघितले आणि ४ इंच रुंदी वाढवली. बॉनेटवरची सपाट पट्टी ही त्या ४ इंचांची खूण. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात गाडी आली ती या पट्टीसकट. जो माणूस तिला अपघाताचा जोड म्हणतो त्याने मायनर जवळून पाहिलेली नाही, त्याच्याकडे ही गाडी देऊ नका.

आता मुख्य मुद्दा. या गाडीला ट्रकसारखी किंवा जीपसारखी वेगळी चासी नाही. पुढच्या बाजूला इंजिन धरणारे दोन पाय आहेत, पण मधला सगळा भार फ्लोअर, सिल्स आणि त्यांच्यातला क्रॉसमेंबर (पत्र्याची आडवी तुळई) मिळून उचलतात. बंद गाडीत छपराचीही मदत असते. तुमच्या गाडीला छप्पर नाही, म्हणजे सगळी मदार सिल्सवर. उजवं दार वरच्या मागच्या कोपऱ्यात घासतंय याचा अर्थ गाडी मधून खाली बसायला लागली आहे. मध्य खाली गेला की बिजागरीचा खांब आणि कुलपाचा खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि दाराची जागा वर आवळते.

यावर खालून पत्रा मारला तर काय होईल? गाडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची जोडली जाईल. आणि आत ती ओली माती तशीच राहील. पुराच्या गाळाने बंद पोकळ्या भरल्या की तो पाणी धरून ठेवतो, खालची निचऱ्याची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडत राहतो. वरून कितीही चकचकीत रंग मारला तरी दोन पावसाळ्यांत फोड येणार.

म्हणून कापाकापी सुरू व्हायच्या आधी हे करा. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. मधल्या जॅकिंग पॉइंटवर भार देऊ नका, ते बहुतेक सडलेलेच असतील. पुढे क्रॉसमेंबरच्या पुढच्या मजबूत पायांखाली आणि मागे स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाशी, जिथे पत्रा शाबूत असेल तिथे, रुंद लाकडी ठोकळे ठेवून घोड्या (स्टँड) लावा. मग टेप घेऊन दोन्ही बाजूंना बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत वर, खाली आणि तिरकं माप घ्या. वहीत लिहून ठेवा. डावी बाजू शाबूत असेल तर तीच तुमचा नकाशा.

त्यानंतर मध्याखाली ठोकळ्यावर जॅक ठेवून अगदी हळू, थोडं थोडं उचला. दार लावूनच ठेवा आणि त्याच्या फटी बघत राहा. चारही बाजूंना फट सारखी आली की थांबा, आणि त्या स्थितीत दाराच्या उघाड्यात चौकोनी पाइपच्या दोन आडव्या आणि एक तिरकी अशा कैच्या वेल्ड करून घ्या. आता गाडी हलणार नाही. यानंतरच सिल कापायचं, तेही एका वेळी एकाच बाजूचं. दोन्ही सिल्स एकदम कापून गाडी दुमडलेली मी स्वतः बघितली आहे, ती शेवटी भंगारात गेली.

आणखी एक धोका आहे, तो वेल्डरला स्पष्ट सांगा. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नाही, लांब टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) आहेत आणि त्यांची मागची टोकं त्याच मधल्या क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेली असतात. त्यांच्यात प्रचंड पीळ भरलेला असतो. तो पीळ रीतसर सोडवल्याशिवाय क्रॉसमेंबरला ग्राइंडर लावला तर माणूस जायबंदी होईल.

पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली आहे. ती काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

इंजिन: चारही प्लग काढा. ऑइलचा बोल्ट सैल करा, आधी पाणी येतं की ऑइल ते बघा. पाणी आलं तर घाबरू नका, सगळं काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल आणि डिझेलचं मिश्रण ओतून आठवडाभर मुरू द्या, अधूनमधून पुन्हा ओता. मग पुढून हँडल घालून हाताने हलवून बघा. फिरलं तर फिरलं, नाही तर जोर लावू नका, हेड काढायचं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्येही पाणी गेलेलं असणार, दोन्ही रिकामे करा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखालच्या चासीच्या पायात लपलेला असतो, तुमच्या फ्लोअरच्या भोकातून तो आता दिसतही असेल. पुढे कधी बॅटरी लावाल तेव्हा लक्षात ठेवा, या गाडीला अर्थ पॉझिटिव्हचं आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या मेकॅनिकला सवयीने निगेटिव्ह अर्थ द्यायचा मोह होतो.

वाचेल का विचारलंत. बॉनेट, मडगार्ड आणि डिकी चांगली असेल तर माझ्या मते नक्की वाचेल. या गाडीचे जवळजवळ सगळे तळाचे भाग, सिल्स, फ्लोअर, क्रॉसमेंबर, पाट्यांचे हँगर, आजही विलायतेत नवीन बनून मिळतात. सगळ्या प्रकारच्या मिळून १६ लाखांच्या वर मायनर बनल्या, त्यामुळे तिकडे सुट्या भागांचा धंदा अजून जिवंत आहे.

हायवेवाला, नाशिक

वाद घालायचा नाही, पण दुसरी बाजूही लिहितो. एवढा तळ गेला असेल तर त्यात पैसा ओतण्यापेक्षा चांगल्या तळाची दोन दारांची बंद मायनर शोधा, छप्पर कापा आणि तुमच्या गाडीचं हूड, काच, दारं, इंजिन तिच्यावर चढवा. बाहेरच्या देशात लोक करतात. वेळ वाचेल, खर्चही निम्मा होईल.

मायनरवाला, पुणे

करतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या रस्त्यावर चालवण्यालायक नसतात. कंपनीच्या कन्व्हर्टिबलला डॅशबोर्डखाली, दाराच्या खांबांच्या पायथ्याशी आणि सिल्सच्या आत जादा पत्रे घालून मजबुती दिलेली असते. बंद गाडीत ते नसतात. नुसतं छप्पर कापलं तर खड्ड्यात चाक गेल्यावर दारं आपोआप उघडतात. तसं करायचंच झालं तर ते सगळे जादा पत्रे आधी बसवावे लागतील, मग वाचलं काय? शिवाय एका चांगल्या गाडीचा जीव घेऊन दुसरी उभी करायची, हे मला मान्य नाही.

ताई, तुमचीही गाडी मुळात कंपनीची कन्व्हर्टिबल आहे की कोणी नंतर कापलेली, हे तपासून घ्या. बॉनेट उघडून मागच्या भिंतीवरची चासी नंबरची पट्टी साफ करा. त्या काळच्या नंबरात पहिलं अक्षर एफ म्हणजे मायनर, आणि दुसरं सी असेल तर कन्व्हर्टिबल. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून जादा पत्रेही बघा.

पत्राकाम, मकरपुरा

ताई, मी बडोद्याचाच. मकरपुरा जीआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे, वडील डेंटर होते. गाडीचे सगळे पत्रे विलायतेहून मागवायची गरज नाही. सिलच्या बाहेरच्या पत्र्याला वळण आहे, तो आणि पाट्यांचे हँगर तयार मागवा, बाकी फ्लोअर, आतल्या उभ्या पट्ट्या सरळ घड्यांच्या आहेत, इथे बेंडिंग मशीनवर उत्तम होतात. जुना तुकडा कितीही सडलेला असला तरी फेकू नका, त्यावरूनच माप निघतं. जुना भाग काढला की त्याच्यावर चुन्याच्या पेन्सिलीने पुढची बाजू आणि वरची बाजू लिहायची, दोरीने बांधून ठेवायचा.

पत्रा सीआरसीए (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) घ्या. फ्लोअरला १.२ मिमी, भार घेणाऱ्या आतल्या पट्ट्यांना १.६ मिमी. कोणी जीआय (जस्त चढवलेला) पत्रा आणला तर परत पाठवा. गंजत नाही म्हणून तो सुचवतात, पण वेल्डिंग करताना जस्त जळतं, जोड पोकळ होतो आणि तो धूर अंगाला बाधतो. गॅसने जोडायला देऊ नका, पातळ पत्रा तापून लाटा येतात. सीओटू वेल्डिंग, ०.८ ची तार. कंपनीत जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे नवीन पत्र्याला ६ मिमीची भोकं पाडून ती भरून घ्यायची, तेवढ्याच अंतरावर. सलग लांब शिवण मारायची नाही, एक टाका इथे, एक टाका तिथे, मधे हात लावून बघायचं पत्रा थंड झालाय का. वडील म्हणायचे, घाई झाली की चहा प्यायला जा. त्यांच्या हातचे जोड बोटाने शोधून सापडत नसत.

सँड ब्लास्टिंगवाले तुम्हाला सगळी गाडी एकदम साफ करून देतो म्हणतील. तळ द्या, चाकांचे भाग द्या. बॉनेट आणि दारं अजिबात देऊ नका, वाळूच्या माऱ्याने पत्रा फुगतो, मग तो बसत नाही. आणि पोकळ भागात वाळू शिरली की ती तुमच्या विश्वामित्रीच्या मातीइतकीच त्रास देते. तसंच उघड्या जोडांवर ॲसिड ओतू नका, फटीत राहिलं की आत काम करत बसतं. लहान सुटे भाग, बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवा, काढल्यावर धुऊन लगेच वाळवून प्रायमर.

क्रम असा: उघडा पत्रा, त्यावर एपॉक्सी प्रायमर, मग लागली तर लांबी, तीही नखाएवढी. लांबी पाणी पिते, ती कोऱ्या पत्र्यावर बसवली की खालून गंज धरतो. रंगाचं सगळं काम झाल्यावर सिल्सच्या आत नळीने मेण मारायचं, आणि खालची निचऱ्याची भोकं उघडी आहेत ना ते तारेने बघायचं.

एकदा गाडी बघायला येतो. पैशाचं नंतर बघू, ती गाडी मी लहानपणी रावपुऱ्यात गणपतीच्या दिवसांत बघितली असणार, मागे मूर्ती असलेली उघडी गाडी आठवते.

अकोट्याची, बडोदे

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने बॅटरी परत ठेवली आहे आणि आता तोच सगळ्यात उत्साहाने कामाला लागलाय.

काल आम्ही दोघांनी पट्टी साफ केली. चिखलाखाली ती पितळी रंगाची निघाली आणि नंबर एफ, सी ने सुरू होतो! डॅशबोर्डखाली दोन्ही कोपऱ्यांत तिरके जाड पत्रे आहेत, पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तरी ते वाजवल्यावर खणखणीत वाजतात. आईला पट्टीचा फोटो दाखवला, ती म्हणाली बाबांना हे माहीत होतं, घेताना त्यांनी तेच आधी बघितलं होतं.

मापंही घेतली. डावीकडे वर आणि खालची मापं जुळतात. उजवीकडे वरचं माप डावीपेक्षा ९ मिमीने कमी आहे. ऑइलचा बोल्ट सैल केल्यावर आधी बरंच पाणी आलं, मग काळं ऑइल. प्लग काढून मिश्रण ओतलंय. फ्लोअरच्या भोकातून मास्टर सिलिंडर खरोखरच दिसतो.

दोन शंका उरल्या. आरसी अजून बाबांच्या नावावर आहे आणि मुदत कधीच संपली आहे. गाडी विंटेजमध्ये नोंदवावी का? आणि हूडचं काम आधी करावं की शेवटी? सांगाडा जागेवर आहे, कापड पूर्ण गेलंय.

मायनरवाला, पुणे

९ मिमी म्हणजे काळजी करण्यासारखं आहे पण हाताबाहेर गेलेलं नाही. एका दिवसात ते भरून काढायला जाऊ नका, उचला, रात्रभर ठेवा, पुन्हा मोजा. डावीही बाजू थोडी बसलेली असू शकते, म्हणून डावीच्या दाराच्या फटीही नीट बघा, नुसत्या मापावर विसंबू नका.

आरसीचं: मालक गेल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचा वेगळा नियम आला, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांसाठी. नव्याने नोंदवताना व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. ज्यांच्याकडे आधीचा नंबर आहे त्यांना तो ठेवता येतो. मात्र विंटेजमध्ये गेली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. दरवर्षी गणपती आणायचा असेल तर तुम्ही साधं नूतनीकरण करून घ्यावं असं मला वाटतं. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल, म्हणजे ते काम शेवटचं. वारसाचे कागद मात्र आत्ताच सुरू करा. दोन्हींसाठी चासी नंबर आणि पट्टी जशीच्या तशी हवी, ती रंगवू नका, घासू नका.

मूळ स्वरूपाच्या अटीमुळेच मी छप्पर कापलेल्या दुसऱ्या गाडीच्या विरुद्ध होतो, हेही नाशिकच्या मित्रांनी ध्यानात घ्यावं.

हूड शेवटी. पण सांगाडा आत्ताच काढू नका. कैच्या वेल्ड करण्याआधी सांगाडा उघडून पुढच्या काचेच्या पट्टीवर बसवून बघा. दारं बरोबर लागत असतील आणि तरी सांगाडा काचेपाशी पोचत नसेल किंवा एका बाजूला जात असेल, तर गाडी अजून सरळ झालेली नाही. ते जुळलं की मगच मकरपुऱ्याच्या दादांना बोलवा, आणि दारांच्या फटींचे, सांगाड्याच्या दोन्ही कोपऱ्यांचे आणि मागच्या पाट्यांच्या हँगरचे फोटो इथे टाका. हँगरबद्दल तुम्ही अजून काहीच लिहिलेलं नाही, आणि पुराची माती तिथे सगळ्यात जास्त साठते.